निवृत्तीनंतर कॅरॅव्हानमध्ये कायमचं राहताना: वजन, वीज, पाणी आणि वाचकांचे इतर प्रश्न

ऑस्ट्रेलियात निवृत्त झाल्यावर कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीला जोडून वर्षानुवर्षं देशभर फिरत राहणाऱ्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात. तिथल्या मराठी वाचकांकडून याविषयी बरीच पत्रं आली. सुट्टीत आठवडाभर कॅरॅव्हान वापरणं आणि तिलाच घर मानून राहणं यांत फरक असल्यामुळे इथली उत्तरं पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीच आहेत.

प्रश्न: आमच्याकडे डबल कॅब यूट (मागे सामानाचा हौदा असलेली गाडी) आहे. तिची ओढण्याची क्षमता ३,५०० किलो असल्याचं विक्रेत्यानं सांगितलं. आवडलेल्या कॅरॅव्हानच्या पाटीवर टेअर २,४५० आणि एटीएम २,९०० किलो असं लिहिलं आहे. म्हणजे ६०० किलोंची सवड आहे ना? — वाचक, टारनीट (मेलबर्न)

नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच, म्हणून हे उत्तर लांबलं तरी चालेल.

आधी कॅरॅव्हान बघू. टेअर म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचं रिकाम्या कॅरॅव्हानचं वजन. एटीएम म्हणजे गाडीपासून सोडवून उभी केलेल्या, सामान भरलेल्या कॅरॅव्हानचं कायद्यानं चालणारं कमाल वजन. दोन्हींतला फरक तुमच्या हातात उरतो, तो इथे ४५० किलो. ऐकायला भरपूर वाटतो. आता भरायला घ्या. ९५ लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या, १९० किलो. नऊ किलोच्या दोन सिलिंडरमधला गॅस, १८. ऑनिंगच्या, म्हणजे बाजूला पसरणाऱ्या कापडी छताच्या, भिंती, २५. नंतर बसवून घेतलेली जादा बॅटरी आणि सोलर पॅनेल, ४०. भांडी आणि शिधा, ६०. कपडे, अंथरूण-पांघरूण, ६०. खुर्च्या, टेबल, पाण्याचे पाइप, विजेची वायर, हत्यारं, चाकाखालचे उतरते ठोकळे मिळून ७०. झाले ४६३ किलो. यात चैनीची एकही वस्तू नाही आणि मर्यादा १३ किलोंनी ओलांडली गेली आहे. शिवाय कारखान्यातली पाटी दरवेळी खरी असेलच असं नाही. वॉशिंग मशीन, एसी, ऑनिंग अशा गोष्टी विक्रेत्यानं नंतर बसवल्या असतील तर पाटीवरच्या टेअरमध्ये त्या धरलेल्या नसतात.

आता गाडी. समजा तिचं स्वतःचं वजन २,२०० किलो आणि जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासकट तिचं कमाल वजन, ३,१०० आहे. तुम्ही दोघं १५०, बुलबार (पुढचा संरक्षक दांडा) आणि टोबार (मागचा ओढायचा दांडा) ९०, मागच्या हौद्यावरची कॅनपी (बंद टप) ८०, आतलं सामान १५०. झाली २,६७० किलो. कॅरॅव्हान जोडली की तिच्या दांड्याचा भार टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, येतो. तो साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के असावा लागतो, इथे २९० किलो. हा भार गाडीच्या खात्यात धरायचा असतो आणि लोक विसरतात तो नेमका हाच. गाडी २,९६० वर गेली. अजून मर्यादेत आहे. पण हे २९० किलो मागच्या चाकांच्या बरेच मागे टेकतात, त्यामुळे तरफेसारखा परिणाम होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर आणि टो-बॉल मागच्या आसापासून १.३ मीटर असेल, तर मागच्या आसावर सुमारे ४१० किलो चढतात आणि पुढच्या आसावरचे १२० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. म्हणून आसांच्या मर्यादा वेगळ्या तपासा. एकूण जीव्हीएममध्ये बसणारी गाडी मागच्या आसावर जास्त भरलेली असू शकते.

शेवटची मर्यादा जीसीएमची, गाडी आणि कॅरॅव्हान मिळून. ती ५,९०० असेल तर २,६७० अधिक २,९०० म्हणजे ५,५७०, चालेल. पण तुम्ही खरोखर ३,५०० किलोची कॅरॅव्हान जोडलीत तर बेरीज ६,१७० होते, २७० किलो जास्त. म्हणजे ३,५०० हा आकडा गाडी जवळपास रिकामी असतानाचा आहे. तुमच्या गाडीचे नेमके आकडे हँडबुकमध्ये आणि दाराच्या पाटीवर बघून हीच बेरीज स्वतः करा.

कागदावरच्या बेरजेनंतर सार्वजनिक वजनकाट्यावर जायचंच. टाक्या भरलेल्या, डिझेल भरलेलं, दोघं गाडीत बसलेले, म्हणजे प्रत्यक्ष निघताना असेल तसंच सगळं हवं. जोडलेल्या अवस्थेत आधी फक्त गाडीची चारही चाकं काट्यावर घ्या, मग सगळं एकत्र, मग फक्त कॅरॅव्हानची चाकं. हे तिसरं वजन म्हणजे जीटीएम. नंतर कॅरॅव्हान सोडवून पुढच्या जॉकी व्हीलसकट (दांड्याखालचं छोटं आधारचाक) तिचं वजन करा, हे एटीएमशी ताडायचं. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे टो-बॉलवरचा भार. भार वाटणारे स्प्रिंग बार वापरत असाल तर मोजताना ते काढून ठेवा, नाहीतर फरक कमी दिसेल. हे बार भार पुढे-मागे सरकवतात, एक किलोही कमी करत नाहीत.

मर्यादा ओलांडली तर दंडापुरतं भागत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. आमचं मत स्पष्ट आहे: कॅरॅव्हान एक माप लहान घ्या आणि वजनाची सवड मोठी घ्या. कायम राहणाऱ्याचं सामान दर वर्षी वाढत जातं.

प्रश्न: ट्रक शेजारून गेला की कॅरॅव्हान शेपटीसारखी हलते. मागे सायकलींचा स्टँड लावल्यापासून जास्त जाणवतं. वेग वाढवला की ती सरळ होते असं एकानं सांगितलं, ते खरं का? — वाचक, वोलाँगाँग

वेग मुळीच वाढवू नका. हलणं एका ठरावीक वेगाच्या पुढे आपोआप वाढत जातं आणि मग गाडीलाही फिरवून टाकतं. हात स्टिअरिंगवर सरळ ठेवा आणि उलटसुलट वळवून सावरायला जाऊ नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला आणि डॅशबोर्डजवळच्या ब्रेक कंट्रोलरचं बटण दाबून फक्त कॅरॅव्हानचे ब्रेक लावा. त्यानं ती मागे ताणली जाऊन सरळ होते. गाडीचा ब्रेक जोरात दाबलात तर कॅरॅव्हान मागून ढकलते आणि प्रकरण बिघडतं. ते बटण न बघता सापडलं पाहिजे, म्हणून रिकाम्या रस्त्यावर ३० च्या वेगात दोघांनीही त्याचा सराव करा.

कारण तुमच्या सायकलींतच आहे. स्टँडसकट ४० किलो कॅरॅव्हानच्या आसापासून तीन मीटर मागे असतील आणि आसापासून टो-बॉल साडेचार मीटर पुढे असेल, तर टो-बॉलवरचा भार सुमारे २७ किलोंनी कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे टोकावरचं वजन झोका सुरू झाल्यावर थांबू देत नाही. जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवा, वरच्या कपाटात फक्त कपडे-पापडांसारख्या हलक्या. मागची टाकी भरलेली आणि पुढची रिकामी असं कधी होऊ देऊ नका. कोणती टाकी आधी रिकामी करायची हे त्यावरूनच ठरतं.

कॅरॅव्हानचं जीटीएम २,००० किलोंहून जास्त असेल तर सगळ्या चाकांना ब्रेक आणि कॅरॅव्हान तुटून सुटली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कायद्यानं लागते. त्या यंत्रणेची छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून तिचं चाचणी बटण दर महिन्याला दाबून बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. कॅरॅव्हानचे टायर झिजण्याआधी उन्हानं तडकतात. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, बदला. बेअरिंगचं ग्रीस दर १०,००० किलोमीटर किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.

प्रश्न: गॅस नको, सगळं इंडक्शनवर करावं असं यांचं म्हणणं आहे. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर ४०० वॅटचं सोलर आणि २,००० वॅटचा इन्व्हर्टर आहे. पुरेल का? आणि भारतातून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर चालेल का? — वाचिका, ब्रिस्बेन

मिक्सर खुशाल चालवा. ७५० वॅटला १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरची गळती धरून, ७० अँपिअरच्या आसपास लागतात. तीन मिनिटं चटणी वाटली तर साडेतीन अँपिअर-अवर गेले. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हच हवा. स्वस्त प्रकारात मिक्सरची मोटर गुरगुरते आणि तापते.

इंडक्शनचा हिशोब वेगळा आहे. वरण-भाताचा कुकर १,२०० वॅटवर २० मिनिटं म्हणजे ३७ अँपिअर-अवर. दहा पोळ्या १,००० वॅटवर २५ मिनिटांत धरल्या तर ३८. भाजीला १५ मिनिटं, आणखी २३. एका जेवणाला जवळजवळ १००. यात दोन वेळचा चहा धरलेला नाही. फ्रिज कॉम्प्रेसरचा असेल तर दिवसाला ५०-६०, दिवे, पंप, पंखा, फोन मिळून २०, इंटरनेटला १०-१५. झोपताना श्वासासाठी सीपॅप यंत्र लावत असाल तर तेही वेगळं. २०० अँपिअर-अवरपैकी ८०-९० टक्केच वापरायचे असतात, म्हणजे एका दिवसात बॅटरी तळाला जाते.

भरून किती निघतं ते तुम्ही कुठे आहात त्यावर ठरतं. मे ते ऑगस्टमध्ये डार्विनच्या बाजूला ४०० वॅटचं सपाट पॅनेल दिवसाला १२०-१३० अँपिअर-अवर देऊ शकतं. त्याच दिवसांत मेलबर्न किंवा होबार्टला ४०-५० मिळाले तरी समाधान माना, ढग असतील तर त्याच्या निम्मे. गाडी चालवताना २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर चार तासांत १०० भरतो, पण एकाच जागी आठवडाभर थांबणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून आमचा सल्ला: गॅस ठेवा. कॅरॅव्हान पार्कमध्ये विजेच्या जोडणीवर असाल तेव्हा इंडक्शन वापरा, उघड्यावर असाल तेव्हा गॅस. पूर्ण विजेवर जायचंच असेल तर किमान ४०० अँपिअर-अवर आणि ८०० वॅटच्या खाली विचार करू नका. पहिल्या प्रश्नातलं वजन मात्र विसरू नका.

बिघाड कुठे होतो? बहुतेक वेळा बॅटरीत नाही, वायरीत. गाडीपासून कॅरॅव्हानपर्यंतची वायर बारीक असली की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि चार्जर सारखा बंद पडतो. या वायरीच्या जोडावरच्या अँडरसन प्लगला हात लावून बघा. गरम लागत असेल तर जोड ढिला आहे. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीत ते आपोआप थांबतं, त्यामुळे थंड प्रदेशात सकाळी चार्जिंग सुरू होत नसेल तर घाबरून जाऊ नका. पार्कमधल्या कॅरॅव्हानच्या जोडणीला १५ अँपिअरचा प्लग असतो, त्याची अर्थची पट्टी रुंद असते. मुलाच्या घरी अंगणात उभे राहाल तेव्हा ती १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसणार नाही. पट्टी घासून बारीक करणारे महाभाग आहेत. तसं करू नका, वायर तापून आग लागते. सर्किट ब्रेकर असलेला तयार ॲडॉप्टर मिळतो, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून १५ अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या.

प्रश्न: संकोच बाजूला ठेवून विचारते. आपल्याला संडासात पाणी लागतं. कॅसेट टॉयलेटमध्ये ते कसं जमवायचं? — वाचिका, ॲडलेड

हा प्रश्न विचारलात ते उत्तम केलंत. कॅरॅव्हानच्या इंग्रजी माहितीपत्रकांत तो नसतो.

कॅसेट म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, ती साधारण १८ ते २० लिटरची असते. कागद वापरणाऱ्या दोघांना ती तीन-चार दिवस पुरते. मग्यानं पाणी घेतलंत तर दर वेळी लिटर-दीड लिटर जातं आणि कॅसेट दीड दिवसात भरते. ३०० मिलिलिटरची, वाकड्या नळीची दाबायची बाटली वापरा. पुरेसा जोर येतो आणि एका वेळी एक बाटली पुरते. दोघांची कॅसेट मग दोन-अडीच दिवस चालते. दुसरी रिकामी कॅसेट बाळगणं हा पैशांचा सर्वांत चांगला उपयोग आहे. पार्कमध्ये असाल तेव्हा तिथलीच स्वच्छतागृहं वापरा.

कॅसेट भरल्याचा लाल दिवा लागला की त्याच दिवशी डंप पॉइंट, म्हणजे ती रिकामी करायची ठरलेली जागा, गाठा. रिकामी करताना कॅसेटची नळी खाली वळवून मगच हवेचं बटण दाबा, नाहीतर गचके देत अंगावर उडतं. दोनदा पाणी घालून हलवून ओता. झाडावर, नाल्यात किंवा पार्कच्या शॉवरमध्ये कधीही नाही. रसायन फॉर्मल्डिहाइड नसलेलं घ्या. बऱ्याच गावांतले डंप पॉइंट सेप्टिक टाकीला जोडलेले असतात आणि फॉर्मल्डिहाइडनं तिथले जिवाणू मरतात. ओले वाइप्स टाकायचे नाहीत, ते झडपेत अडकतात. झडपेचं रबर कोरडं पडून गळायला लागतं, त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलंत तर रबर फुगतं आणि गळती वाढते.

पाण्याचा एकूण हिशोबही इथेच देतो. पिणं-स्वयंपाक ११ लिटर, भांडी ८, दोघांच्या छोट्या आंघोळी १४, बाकी २, म्हणजे दिवसाला ३५ लिटरच्या आसपास. १९० लिटर पाच दिवस जातात. तेलकट कढई आधी कागदानं पुसून घ्या. सांडपाण्याच्या टाकीत तेल आणि डाळीचे कण गेले की उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी वास सुटतो. अनेक मोफत तळांवर सांडपाण्याची टाकी नसलेल्या कॅरॅव्हानला मनाई असते.

प्रश्न: फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि गादीलासुद्धा वास येतो. शिवाय ॲडलेडहून पर्थला जायचं आहे, मसाले आणि भाजी किती न्यावी? — वाचक, सिडनी

फोडणी आणि कुकर बाहेर, ऑनिंगखाली. वास हे त्यातलं छोटं कारण. कुकरची वाफ थंड भिंतीवर आणि कपाटांमागे पाणी होऊन बसते. तिथे बुरशी धरते, लाकडी सांगाडा असेल तर तो कुजतो. पाऊस असेल आणि आतच करावं लागलं तर छताची खिडकी आणि एक बाजूची खिडकी उघडी हवी. जमिनीलगतच्या हवेच्या जाळ्या धूळ येते म्हणून कधीही बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर पडतो. बाहेरची शेगडी किंवा निखारे ऊब यावी म्हणून आत आणणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रवासात सिलिंडर बंद. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर पेट्रोल पंपावर शिरण्याआधी त्याची ज्योत विझलेली आहे ना, बघा. सिलिंडरवर तपासणीची तारीख ठोकलेली असते, दहा वर्षं उलटली की भरून मिळत नाही.

हळद सांडली तर ओट्यावर लगेच साबण लावा. कॅरॅव्हानमधल्या व्हिनाइलवरचा तो डाग नंतर निघत नाही.

पर्थच्या वाटेवर, नलरबोरचं मैदान ओलांडताना वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर क्वारंटाइनची चौकी आहे. ताजी फळं, भाज्या आणि मध तिथे काढून घेतात. हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, सगळं आलं. कढीपत्ता तर लिंबाच्या कुळातला, त्याची कुंडी घेऊन फिरत असाल तर ती आधीच कुणाला तरी देऊन टाका. परत येताना सिडूनाला साउथ ऑस्ट्रेलियाची चौकी आहे. म्हणून सीमेच्या आधी दोन दिवस भाज्या संपवा, उरलेल्या शिजवून घ्या, पुढे डाळी, कडधान्यं, कांदा-लसणाचा कोरडा मसाला आणि पिठांवर काढा. सगळी कडधान्यं दुकानाच्या बंद पाकिटात ठेवा, डब्यात ओतलेली ओळखायला अधिकाऱ्याला वेळ लागतो. नियम बदलतात, निघण्याआधी त्या राज्याच्या संकेतस्थळावरची यादी वाचा.

सिडूना ते नॉर्समन सुमारे १,२०० किलोमीटर आहे. पाणी सिडूनातच पूर्ण भरा, वाटेतल्या रोडहाउसवर टाकी भरून मिळेल असं धरून चालू नका. समोरून वारा असेल तर डिझेल खूपच जास्त लागतं, म्हणून प्रत्येक पंपावर भरा. ट्रकवाल्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओचा ४० नंबरचा चॅनेल, कॅरॅव्हानवाल्यांचा १८.

प्रश्न: पुण्याहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार आहेत. गाडीत मागे सामान आहे. ते कॅरॅव्हानमध्ये झोपून प्रवास करू शकतील का? — वाचक, पर्थ

अजिबात नाही. ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हानमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे आणि आत काही झालं तर पुढे कळतही नाही. सामान हलवा, त्यांना गाडीत पट्टा लावून बसवा. त्या दोघांचे १३० किलो गाडीच्या वजनात पुन्हा मोजा. वयस्कर माणसांना कॅरॅव्हानची उंच पायरी आणि अरुंद बाथरूम त्रास देतात, त्यामुळे त्यांच्यासाठी पार्कमधली केबिन घेऊन तुम्ही शेजारी उभं राहणं बरं.

प्रश्न: मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. पत्नीला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. औषधांची सोय कशी करायची? — वाचक, गोल्ड कोस्ट

एकच दवाखाना 'आपला' म्हणून पक्का ठेवा आणि वर्षातून एकदा तरी तिथे प्रत्यक्ष जा. फोनवरून डॉक्टरांशी बोलण्याचा मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना) लाभ साधारणपणे मागच्या १२ महिन्यांत त्या दवाखान्यात प्रत्यक्ष तपासणी झालेल्यांनाच मिळतो, म्हणून हे महत्त्वाचं. सगळी प्रिस्क्रिप्शन्स इलेक्ट्रॉनिक करून घ्या, देशातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात फोन दाखवून औषध मिळतं. सप्टेंबर २०२३ पासून बऱ्याच नेहमीच्या औषधांचा ६० दिवसांचा साठा एकदम मिळू शकतो, डॉक्टरांना विचारा. गोळ्या संपायला दोन आठवडे राहिले की पुढच्या मोठ्या गावात भरून घ्या. लहान गावातलं दुकान नेमकं तुमचं इन्सुलिन ठेवत असेलच असं नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. कॅरॅव्हानच्या फ्रिजमध्ये मागच्या थंड पट्टीला चिकटलं की ते गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नाही. ते दाराच्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवा आणि शेजारी पाच डॉलरचा थर्मामीटर ठेवा. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण बहुतेक प्रकारांना २५ किंवा ३० अंशांची मर्यादा असते. बंद उभ्या कॅरॅव्हानमध्ये दुपारी चाळिशी सहज गाठली जाते. पाण्यानं भिजवून गार राहणारी पिशवी घ्या, तिला वीज लागत नाही.

रुग्णवाहिकेचा खर्च मेडिकेअर देत नाही. क्वीन्सलंडचे रहिवासी म्हणून तुम्हाला राज्याकडून देशभर संरक्षण आहे. पत्ता दुसऱ्या राज्यात बदललात तर ते जाईल, मग वेगळा विमा घ्यावा लागेल. दुर्गम भागात १९२८ पासून रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची विमानं आहेत, पण त्यांना बोलवायला आधी संपर्क लागतो. फोनचं जाळं नसलेल्या रस्त्यांवर सॅटेलाइट फोन किंवा आपत्कालीन बीकन जवळ हवाच. औषधांची आणि ॲलर्जीची यादी इंग्रजीत लिहून फ्रिजच्या दारावर लावा. क्वीन्सलंडमध्ये ७५ वर्षांनंतर गाडी चालवताना वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत लागतं, न्यू साउथ वेल्समध्ये त्या वयापासून दर वर्षी तपासणी. दोघांपैकी एकालाच कॅरॅव्हान ओढता येत असेल तर दुसऱ्यानं आजच शिकायला लागा. आजारी पडणारा बहुधा चालवणाराच असतो.

प्रश्न: घर विकून टाकावं की भाड्यानं द्यावं? पत्ता कोणता द्यायचा? — वाचक, कॅनबेरा

पहिल्या वर्षी विकू नका, हे आम्ही ठामपणे सांगतो. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण हिवाळा काढल्याशिवाय हे जगणं झेपतं का ते कळत नाही. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि चक्रीवादळं, तेव्हा दक्षिणेत राहायचं आणि थंडीत उत्तरेला जायचं, हे चक्र एकदा फिरून बघा.

घर भाड्यानं देऊन तात्पुरते बाहेर पडलात तर एज पेन्शनच्या (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) मालमत्ता चाचणीतून ते साधारण १२ महिने वगळलेलं राहतं, भाडं मात्र उत्पन्नात धरतात. विकलंत तर कॅरॅव्हान तुमचं राहतं घर ठरते आणि तिची किंमत वगळली जाते, पण बँकेत आलेले पैसे मोजले जातात आणि पेन्शन कमी होऊ शकते. दुसरं कोणतंही घर राहतं म्हणून दाखवलं नसेल तर भाड्यानं दिलेल्या घराला भांडवली नफ्याच्या करातून सहा वर्षांपर्यंत सूट टिकते. सही करण्याआधी हे आकडे पेन्शन देणाऱ्या सरकारी सेंटरलिंकच्या मोफत आर्थिक माहिती सेवेकडून तपासून घ्या.

लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विमा यांना राहता पत्ता लागतो. मुलाचा किंवा मुलीचा पत्ता देणं सगळ्यात सोपं, पण त्यांना विचारून आणि त्यांच्या राज्यातच नोंदणी करून. मतदारयादीत कायमचा पत्ता नसलेल्यांसाठी वेगळा अर्ज आहे. विमा घेताना 'आम्ही पूर्णवेळ यातच राहतो' हे स्पष्ट लिहून द्या आणि कंपनीचं उत्तर ईमेलवर मागा. सुट्टीपुरत्या वापराची पॉलिसी स्वस्त असते, पण तिच्यात कायम राहणाऱ्यांचा दावा नाकारण्याचं कलम बऱ्याचदा असतं. आतल्या सामानाची मर्यादाही बघा. दागिने, लॅपटॉप आणि कागदपत्रं यांना मूळ पॉलिसीत फारच थोडी रक्कम धरलेली असते, ती वाढवून घ्यावी लागते.